लीलावतीतील कमळे आणि यात्रेकरूचे द्रव्य

अपूर्णांकांची शाब्दिक उदाहरणे समोर आली की मुले बावरतात. भाग सांगितलेले असतात, शेष सांगितलेला असतो. मूळ रक्कम तेवढी शोधावयाची असते. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त अशा उदाहरणांची रीत आहे. त्यांतील दोन उदाहरणे देवकार्यासंबंधीचीच असल्याने ती आम्ही आमच्या शब्दांत देत आहोत.

एका भक्ताने कमळांच्या राशीचा तृतीयांश शंकरास, पंचमांश विष्णूस, षष्ठांश सूर्यास व चतुर्थांश देवीस वाहिला. उरलेली ६ कमळे गुरुचरणी अर्पिली. तर एकंदर कमळे किती?

येथे 'इष्टकर्म' ही रीत योजावी. उत्तर ठाऊक नसता सोयीची एक संख्या मानावी. ३, ५, ६ व ४ यांनी निःशेष भागली जाणारी ६० ही संख्या घेऊ. तिचे भाग २०, १२, १० व १५; बेरीज ५७, शेष ३. प्रत्यक्ष शेष ६, म्हणजे दुप्पट. सर्व भाग एकाच प्रमाणात वाढतात, म्हणून रासही दुप्पट, म्हणजे १२०. ताळा पाहा: ४०, २४, २०, ३० व ६ मिळून १२० होतात.

दुसरे उदाहरण यात्रेकरूचे. त्याने अर्धे द्रव्य प्रयागास दिले, उरलेल्याचे दोन नवमांश काशीस, नंतर उरलेल्याचा चतुर्थांश वाटेतील जकातीस आणि पुन्हा उरलेल्याचे सहा दशमांश गयेस. अखेर ६३ निष्क राहिले.

येथे ३६० मानू. प्रयागानंतर १८०, काशीनंतर १४०, जकातीनंतर १०५ व गयेनंतर ४२ उरतात. ६३ ही ४२ ची दीडपट होय. म्हणून मूळ द्रव्य ३६० च्या दीडपट, म्हणजे ५४० निष्क.

'उरलेल्याचे' हा शब्द न पाहता सर्व भाग मूळ रकमेचेच धरले, तर ३६० पैकी ५६६ खर्च होतील! म्हणून आकडेमोडीपूर्वी मुलांना एकच प्रश्न विचारावा: हा भाग कशाचा?

हा प्रश्न पाटीपुरताच नाही. ८,००० रुपयांच्या देणगीतून 'अर्धी रक्कम अन्नदानास व एकूण रकमेचा चतुर्थांश पाठशाळेस' असे लिहिले, तर पाठशाळेस २,००० रुपये मिळतात. 'उरलेल्याचा चतुर्थांश' लिहिले तर १,०००. दात्याचा हेतू एका शब्दावर अवलंबून असतो. देणगीपत्र वा मृत्युपत्र लिहिताना हा शब्द स्पष्ट असावा.

मुलांसाठी अभ्यास: नंदादीपाच्या तेलापैकी तृतीयांश पहिल्या आठवड्यात व उरलेल्याचा चतुर्थांश दुसऱ्या आठवड्यात संपला. ३ लिटर तेल उरले. मूळ तेल किती? (उत्तर: ६ लिटर. ताळा मुलांनीच करून पाहावा.)