फोडणीआधीची वाटी

भिलाईत बदली झाली, टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं, की वर्षभरात घरात पिल्लू येतंच. अंगण असतं, मुलं हट्ट करतात, आणि कुणाच्या तरी कुत्रीला पिल्लं झालेलीच असतात. त्याला खायला काय घालायचं हे इथल्या जुन्या मराठी घरांना विचारलंत, तर पहिलं उत्तर एकच येतं: कुत्र्याची वाटी फोडणीआधी बाजूला काढा.

साधं वरण, मऊ भात, उकडलेलं अंडं किंवा हाडं काढलेलं चिकन, थोडा लाल भोपळा, मीठ नाही. हे मोठा कुत्रा मजेत खातो. कांदा-लसूण मात्र कच्चा, शिजवलेला, मसाल्यातला, कसाही नको. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. उन्हाळ्यात कामाच्या मावशी प्रेमाने आपल्यातली बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, त्याच्यापुढे ठेवतात. भात-पाण्याचं काही नाही, पण सोबतचा कांदा आणि मीठ नडतं. कांद्याला छत्तीसगढीत गोंदली म्हणतात. ‘गोंदली झन देहू’ (कांदा देऊ नका) एवढं म्हणायला शिका, मावशी हसतील आणि लक्षातही ठेवतील.

चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं शुगर-फ्री च्युइंगम घातक, हे बहुतेकांना ठाऊक असतं. फसायला होतं ते प्रसादात. आमच्या ओळखीच्या एका घरी सत्यनारायण होता. पाहुण्यांच्या द्रोणांत उरलेला शिरा धाकट्याने गोळा करून कुत्र्याला चाटवला, तुपातल्या टपोऱ्या बेदाण्यांसकट. रात्री उलट्या झाल्या. ‘तूप बाधलं’ म्हणून सगळे झोपले. दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली तेव्हा धावाधाव. सलाइनवर वाचला, पण बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात हे त्या घराला तेव्हा कळलं. दोष त्यातल्या टार्टारिक आम्लाचा, असं आता मानतात. ते चिंचेतही भरपूर असतं, आणि बस्तरची चिंच इथे घरोघरी. म्हणजे आपली चिंच-गुळाची आमटीही बाद.

वाढत्या पिल्लाचं गणित वेगळं. नुसत्या भात-चिकनमध्ये कॅल्शियम फार कमी, त्यामुळे पाय वाकतात. त्याला पिल्लांसाठीचं पूर्ण आहाराचं पाकीट द्या, किंवा घरच्या जेवणात काय आणि किती घालायचं ते पशुवैद्याकडून लिहून घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटं तोलून देतात ते खाणं स्वस्त पडतं, पण तारीख कळत नाही, आणि इथल्या उन्हात त्यातली चरबी खवट व्हायला वेळ लागत नाही. नवं खाणं आठवडाभरात जुन्यात मिसळत वाढवा. चहाबरोबरचं बिस्किट ही तर आपली राष्ट्रीय सवय; असला वरचा खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ देऊ नका. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या सळ्या आतड्यात रुततात.

मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो. ओलं जेवण अर्ध्या तासात संपलं नाही तर उचलून टाका, पाण्याचं भांडं मात्र कायम भरलेलं असू द्या.

चुकून काही खाल्लंच तर उलटीची वाट बघू नका आणि मीठ-पाणी पाजू नका. काय खाल्लं, किती, केव्हा, हे कागदावर लिहा आणि पशुवैद्य गाठा. दुर्गहून राजनांदगावच्या वाटेवर अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथला फोन नंबर पूजेच्या आदल्या दिवशीच फ्रिजवर चिकटवून ठेवा.