उन्हाचा चष्मा

लेकरा, ड्रोन घेतलास, छान केलंस. डबीतल्या सहा काळ्या काचा बघून गोंधळलास, त्यात नवल नाही. लग्नाच्या शूटिंगचा खांद्यावरचा कॅमेरा खाली ठेवून मी हे पाखरू हाती घेतलं, तेव्हा वाटलं होतं, परभणीचं ऊन तर आपल्या घरचंच. पण कॅमेऱ्याला ते कसं लागतं, हे मला नव्याने शिकावं लागलं. त्यात पैसे गेले, एक ड्रोन गेला, काही चांगल्या सकाळी गेल्या. तुझ्या त्या वाचाव्यात म्हणून लिहून ठेवतोय. एका बैठकीत वाचू नको, रानात जाशील तेव्हा थोडं थोडं आठव.

१. काचा मागवण्याआधी कॅमेऱ्याचं छिद्र किती ते माहितीपत्रकात बघ — एफ/२.८, एफ/१.७ असं काहीतरी असेल. मोठा कॅमेरा उन्हात बुबुळ बारीक करतो. बहुतेक छोट्या ड्रोनचं बुबुळ हलतच नाही, म्हणून त्याला चष्मा लागतो.

२. एनडी ही नुसती राखाडी काच, आणि तिच्यावरचा आकडा म्हणजे भागाकार — ४ ची काच प्रकाशाचा चौथा हिस्सा आत सोडते, ६४ ची चौसष्टावा.

३. काही डब्यांवर ०.६, ०.९, १.२, १.५, १.८ असं छापलेलं असतं, घाबरू नको — त्याच या ४, ८, १६, ३२ आणि ६४, फक्त मोजायची रीत वेगळी.

४. व्हिडिओ २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेव — फ्रेमच्या निम्मा वेळ शटर उघडं राहिलं की वाऱ्यावरचं कणीस डोळ्याला दिसतं तसंच डुलताना दिसतं, झटके खात नाही. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मंडपातले दिवेही लुकलुकत नाहीत.

५. हिशेब एकदा स्वतः कागदावर कर — स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि एफ/२.८ असेल तर शटर १/३२०० च्या आसपास जातं, आणि ३२०० ला ६४ ने भागलं की बरोबर ५०. छिद्र एफ/१.७ असेल तर प्रकाश अडीच-पावणेतीन पट आत येतो, म्हणून तिथे १२८ किंवा २५६ लागते.

६. एफ/२.८ वाल्याने काच निवडताना आभाळाकडे बघू नये, स्वतःच्या सावलीकडे बघावं. कडा सुरीसारखी धारदार असेल तर ६४, कडा मऊ झाली तर ३२, सावली जेमतेम दिसत असेल तर १६, आणि श्रावणातल्या गच्च आभाळाखाली सावलीच नसेल तर ८ — सावली जितकी पुसट, तितका प्रकाश पायरीपायरीने निम्मा होत जातो. एफ/१.७ वाल्याने दर वेळी एक-दीड पायरी वर चढावं. आभाळ फसवेल, सावली फसवणार नाही.

७. सावली लांब पडली की आणखी एक-दोन पायऱ्या उतर — कलत्या उन्हाची सावली धारदार दिसते, पण त्या उन्हात दुपारचा जोर नसतो.

८. दोन काचांमध्ये मन अडकलं तर हलकी लाव — शटर १/८० किंवा १/१०० झालं तर कुणाच्या ध्यानात येत नाही, पण काच जास्त काळी झाली की आयएसओ वर चढतो आणि चित्रात दाणे उठतात.

९. शंभर मीटर उंचीवरून नुसतं रान दाखवायचं असेल तर एनडीसाठी जीव काढू नको — तिथून जमीन इतकी हळू सरकते की काच लावली काय, न लावली काय, फारसा फरक दिसत नाही. तिची खरी गरज ज्वारीच्या कणसांवरून खाली, जवळून जाताना लागते.

१०. आपल्या काळ्या रानावर ऑटोच्या भरवशावर राहू नको — कॅमेऱ्याला काळी माती म्हणजे अंधार वाटतो, तो उजेड वाढवतो आणि वेचणीला आलेला कापूस पांढराफटक होऊन जातो. आधी काच लाव, मग मॅन्युअलवर जा आणि पडद्यावरचे जादा उजेड दाखवणारे झेब्रा पट्टे कापसावर चढणार नाहीत एवढं ठेव.

११. सूर्य समोर असताना चित्रात काळे पट्टे थरथरले तर ड्रोन बिघडला म्हणून घाबरू नको — ती पंख्यांची भिंगावर पडणारी सावली असते. ड्रोन थोडा वळव. हळू शटरनेही ती बरीच विरते.

१२. फोटो काढायचे तेव्हा एनडी काढून ठेव — फोटोला चपळ शटर हवं, आणि वर लोंबकळणारा कॅमेरा हळू शटरवर हलतोच.

याचं उदाहरण सेलू तालुक्यातल्या वालूरच्या बारवेचं. गोल बारव, चक्रासारख्या उतरत जाणाऱ्या पायऱ्या. अगदी मधोमध वर जाऊन कॅमेरा सरळ खाली केला की दगडात कोरलेलं एखादं फूल उमलल्यासारखी दिसते. पहिल्यांदा मी तिथे होत्या नव्हत्या त्या सगळ्या काचा लावून बघितल्या. चांगला आला तो एकही काच नसलेला फोटो. बारवेत निम्म्या पायऱ्या उन्हात, निम्म्या काळोखात असतात. कुठलीही एनडी दोन्हीकडचा उजेड सारखाच कमी करते, मग अंधारातली पायरी उजळणार कशी? तिथे एकाच जागी थांबून कमी-जास्त उजेडाचे तीन किंवा पाच फोटो घ्यायचे आणि घरी एकत्र करायचे. नाहीतर ऊन कलून अख्खी बारव सावलीत येईपर्यंत कट्ट्यावर बसायचं. मला बसणं आवडतं.

१३. एक अपवाद ध्यानात ठेव: ढगाळ पावसाळ्यात वाहत्या पाण्याचा रेशमासारखा फोटो हवा असेल तर ६४ लाव — गच्च आभाळाखाली शटर सेकंदाच्या सहाव्या हिस्स्यापर्यंत उतरतं, तेवढ्यात पाणी मऊ होतं. वारा असेल तर हा नाद सोड.

१४. कुणी पिकाच्या पाहणीसाठी बोलावलं तर सगळ्या काचा डबीत — एकावर एक चढणारे शेकडो फोटो जोडून नकाशा होतो, त्यातला एकेक फोटो धारदार लागतो. आणि एनडी काचेचा पिकाची तब्येत दाखवणाऱ्या एनडीव्हीआयशी काही संबंध नाही. त्याला जवळच्या अवरक्त किरणांत बघणारा वेगळा कॅमेरा लागतो, शेतकऱ्याला उगीच आशा दाखवू नको.

१५. पोलरायझर ही वेगळ्या गुणाची काच — ती पाण्यावरची चकाकी आणि पानांवरची चमक काढते, म्हणून पावसानंतरचं सोयाबीन तिच्यातून खरं हिरवं दिसतं.

१६. तिचा असर कुठे होईल ते हातावर बघ: तर्जनी सूर्याकडे रोख, अंगठा काटकोनात उघड आणि मनगट फिरव — अंगठा जिकडे जिकडे जाईल तिकडचं आकाश सर्वांत गडद होतं. म्हणून सकाळी उत्तर-दक्षिण बघ. सूर्य समोर किंवा थेट पाठीमागे असेल तर ती काच नुसतं ओझं.

१७. येलदरीच्या जलाशयासारख्या पाण्याकडे बघायचं तर कॅमेरा आडव्या रेषेपासून पस्तीस-चाळीस अंश खाली झुकव — त्या तिरक्या नजरेला चकाकी सर्वांत जास्त तुटते, सरळ खाली बघितलं की काहीच तुटत नाही. धरणाच्या भिंतीकडे मात्र परवानगीशिवाय फिरकू नको.

१८. पोलरायझरची कडी जमिनीवरच, ज्या दिशेला शूट करायचं त्या दिशेला तोंड करून फिरवून घे, आणि वर गेल्यावर एका रेषेत उड — ड्रोनने गिरकी घेतली की आकाशात एक गडद डाग सरकत जातो, तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही.

१९. गंगाखेडच्या घाटावर संध्याकाळी पोलरायझर काढ — गोदावरीत पडलेलं प्रतिबिंब घ्यायलाच तू आलेला असतोस, तेच ती पुसून टाकते. आणि पुराच्या गढूळ पाण्यात तळ दाखवायची कुवत कुठल्याच काचेत नाही.

२०. पोलरायझर स्वतःच दीड-दोन पायऱ्या प्रकाश खातो, हे हिशेबात धर — जिथे ६४ लागली असती तिथे पोलरायझर असलेली १६ ची जोडकाच पुरते.

२१. एकावर एक दोन काचा कधी चढवू नको — कोपरे काळे पडतात, वजन वाढतं, कॅमेरा तोलून धरणारा गिंबल कुरकुरतो. दोन चष्मे घातले म्हणून दूरचं दिसत नाही.

२२. फिरवून कमी-जास्त होणारी एनडी जमिनीवरच्या कॅमेऱ्याला ठीक, ड्रोनला नको — रुंद भिंगावर शेवटच्या टोकाला ती आकाशात फुलीसारखा डाग पाडते, आणि हवेत फिरवायला तुझा हात पोचत नाही.

२३. घेताना आपल्याच मॉडेलची काच घे. भावाच्या ड्रोनची ‘बसतेय की’ म्हणून लावू नको — गिंबलच्या मोटारी त्या कॅमेऱ्याच्या वजनाला तोलून बनवलेल्या असतात, जास्तीच्या ओझ्याने त्या तापतात आणि चित्र थरथरतं. बैलाला न जाणवणारं ओझं पाखराला जड.

२४. नवी काच आली की पांढरा कागद उन्हात ठेव, व्हाइट बॅलन्स एका जागी बांध आणि काचेसह व काचेविना असे दोन फोटो घे — हलक्या प्रतीच्या काळ्या काचेतून अवरक्त प्रकाश जास्त शिरतो आणि सगळं तांबूस दिसतं. स्वस्त काच, रंगाला जाच.

२५. नुसत्या यूव्ही काचेकडून चित्र सुधारेल अशी आशा ठेवू नको — आजच्या कॅमेऱ्याला तिचा उपयोग धुळीपासून भिंग वाचवण्यापुरता. उन्हाळ्यात गाडीवाटेच्या फुफाट्यातून उडायचं असेल तर तेवढ्यासाठी जरूर लाव.

२६. छोटा २४९ ग्रॅमचा ड्रोन असेल तर काच, कार्ड, पायाखालचे टेकू, सगळं लावून एकदा ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेव — २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर मायक्रो. मायक्रोवर पैसे घेऊन काम करायचं तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं. एखाददुसऱ्या ग्रॅमने तू दुसऱ्या रांगेत जातोस.

२७. काच बसवताना ड्रोन बंद ठेव आणि कॅमेरा दोन बोटांनी मागून धर — जोर गिंबलच्या बारीक दांडीवर गेला तर मोडणार ती, काच नव्हे.

२८. बसवल्यावर सपाट जागेवर सुरू कर आणि गिंबल सरळ उभा राहतो का ते बघूनच वर ने — ढेकळांत सुरू केलेला ड्रोन क्षितिज वाकडं धरतो. एक पाट सोबत ठेव. माझ्या गाडीत तो कायम असतो.

२९. काचेला कडेनेच धर, आणि आधी रबरी फुगा मार, मगच मायक्रोफायबरचं फडकं — आपल्या मातीच्या धुळीत बारीक कण असतात, उपरण्याच्या टोकाने पुसलंस की तेच कण काच खरवडतात. काचेला बोट, चित्राला खोट.

३०. एसीच्या गाडीतून उतरल्या उतरल्या पावसाळ्यात उडवू नको, दहा मिनिटं डबी बाहेर ठेव — थंड काचेवर वाफ धरते, आणि ती भिंग आणि फिल्टर यांच्या मधल्या बाजूने धरली तर वर गेल्यावर कळते.

३१. आता सगळ्यांत महत्त्वाचं: सूर्य टेकला की ड्रोन उतरव, काळी काच काढ, मगच पुन्हा उडव — दुपारचा चष्मा संध्याकाळी आंधळा.

हे मी कुणाच्या पुस्तकातून सांगत नाही. जिंतूर तालुक्यातल्या एका रानात दुपारपासून ६४ लावलेली होती. काम लांबलं, सूर्य बुडाला, ‘एकच शॉट’ म्हणून मी ड्रोन तसाच उडवला. पडद्यावर रान करडं, दाणेदार झालं होतं, आणि त्यात विहिरीवरच्या मोटारीला आलेल्या विजेच्या तारा मला दिसल्याच नाहीत. ड्रोन तारेला घासून विहिरीत गेला. चार हातांवर काठाशी दोन पोरं उभी होती, ड्रोन बघायला आलेली. त्यांच्या अंगावर काही पडलं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तेव्हापासून उडवण्याआधी मी दर वेळी तोंडाने काचेचा आकडा मोठ्याने म्हणतो. तूही म्हण, कुणी हसलं तर हसू दे.

३२. म्हणून उडवण्याआधी रानभर पायी एक चक्कर मार, तारा कुठून कुठे गेल्यात ते बघून ठेव, पोरांना मागे उभं कर — काळी काच लावली की पडद्याचा भरवसा थोडा कमी, डोळ्यांचा जास्त.

३३. डबीत प्रत्येक काचेची जागा ठरव आणि आकडा बाहेरून रंगाने लिही — उन्हात सगळ्या काळ्या काचा सारख्याच दिसतात. मे महिन्यात ती डबी गाडीच्या काचेमागे विसरू नको.

३४. सगळा संच घ्यायला पैसे नसतील तर एफ/२.८ ला ८, १६ आणि ६४ एवढ्या तीनच घे, पण चांगल्या घे — वर्षभराचं नव्वद टक्के काम माझं या तिघींवर निघतं. पोलरायझर पुढच्या वर्षी.

पौषात ज्वारी हुरड्यात आली की निरोप धाडतो. पहाटेच ये. ड्रोन, तीन बॅटऱ्या आणि ८, १६, ६४ आण. फडकं, फुगा आणि पाट माझ्याकडे आहेत.