वेदना आणि डोळ्यांपुढची अंधारी

काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील सातवीच्या एका विद्यार्थ्याचे बोट दारात चेंगरले. तो रडला नाही, केवळ म्हणाला, "सर, मला काही दिसत नाही." दोघे-तिघे हसले. हे सोंग असावे, असे क्षणभर मलाही वाटले. तेवढ्यात तो खाली कोसळला. मी इतिहासाचा शिक्षक. परंतु त्या रात्री मी शरीरशास्त्राचे पुस्तक उघडले.

तीव्र वेदनेमुळे काही व्यक्तींमध्ये व्हेगस नावाचा मज्जातंतू एकाएकी उद्दीपित होतो. हृदयाची गती मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब झपाट्याने उतरतो. डोळ्याच्या आतही स्वतःचा दाब असतो. निरोगी डोळ्यात तो साधारणतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. दृष्टिपटलाकडे जाणाऱ्या रक्ताला या दाबावर मात करावी लागते. म्हणूनच रक्तदाब घसरला की पुष्कळदा शुद्ध हरपण्यापूर्वी दृष्टी अंधारते. रंग फिके पडतात, कडेचे दिसेनासे होते, मग सर्वत्र काळोख पसरतो. "डोळ्यांपुढे अंधारी आली" असे आपल्या आयाबाया म्हणतात, ते निरीक्षण अचूक आहे.

अशा वेळी रुग्णाला धरून उभे करू नये. त्याला सपाट निजवावे, पाय थोडे उंच ठेवावेत, भोवतालची गर्दी हटवावी. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये. मेंदूकडे रक्त पोहोचताच दृष्टी बहुधा थोड्याच वेळात परतते.

मात्र प्रत्येक अंधारी निरुपद्रवी नसते. अर्धशिशीत बहुधा डोके दुखण्याआधी चमकत्या नागमोडी रेषा दिसतात व तासाभरात ओसरतात. पण डोळा लाल होऊन असह्य ठणकत असेल, दिव्यांभोवती वलये दिसत असतील, तर तो तीव्र काचबिंदू असू शकतो; तेथे वेदना व मंद दृष्टी ही दोन्ही एकाच रोगाची लक्षणे होत. छातीत कळ येणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, किंवा दृष्टी न परतणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

तो विद्यार्थी थोड्या वेळाने उठून बसला. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. दुखणाऱ्याचे म्हणणे आधी खरे मानावे आणि चौकशी मागाहून करावी, हा धडा मला त्या मुलाने शिकविला.