कान्हाचा अंतेवासी : शिकवणारे कलावंत आणि आपण

आपल्या शहापूर-मुरबाड परिसरात ढोलकी वाजवणारे, गाणारे, चित्र काढणारे, बांबूच्या कामट्यांतून सुबक वस्तू विणणारे हात कमी नाहीत. जयंती असो, वर्षावासाची सांगता असो की गावचे लग्न, यांच्यावाचून आपले पान हलत नाही. परंतु या कलावंताला आपण 'शिक्षक' म्हणतो काय? शाळेतल्या गुरुजींना आपण उठून नमस्कार करतो. ढोलकी शिकवणाऱ्याला मात्र 'ढोलकीवाला' म्हणतो. हा फरक का पडला आणि तो योग्य आहे काय, याचा विचार सदर लेखात करावयाचा आहे. आम्ही काही विद्वान नव्हे. बँकेत खातेवह्या सांभाळणारे साधे कारकून आहोत. तरी वाचनातून आणि संस्थेच्या कामातून जे उमगले, ते विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

दगडावर कोरलेले दोन माणसांचे नाते

मुरबाड तालुक्याला लागूनच कर्जत तालुका आहे. तेथे राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत एक छोटासा लेख आहे. त्याचा अर्थ असा, की कान्हाचा अंतेवासी बालक याने हे काम केले. बस्स, एवढेच. राजाचे नाव नाही, देणगीची रक्कम नाही. एक कलावंत आपले नाव सांगतो आणि त्याआधी आपल्या गुरूचे नाव सांगतो.

'अंतेवासी' हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जवळ राहून शिकतो तो अंतेवासी. विनयातही आचार्य आणि अंतेवासिक अशी जोडी येते. जो शब्द भिक्खूच्या शिक्षणासाठी, तोच छिन्नी-हातोड्याच्या शिक्षणासाठीही वापरला गेला. दगड फोडणाऱ्याच्या विद्येला हलके मानले नाही, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

ही एकट्या कोंडाण्याची गोष्ट नव्हे. सांची येथे दक्षिण तोरणावरील लेखात विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीवकाम केल्याची नोंद आहे. मराठवाड्यातील पितळखोरे लेण्यात सापडलेली यक्षमूर्ती आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे मूर्तीवरच कोरलेले आहे. (हा कान्हदास आणि कोंडाण्याचा कान्हा एकच, असे मात्र समजू नये.) हस्तिदंतावर आणि सोन्यावर बसलेला हात दगडाकडे वळला आणि आपले नाव ठेवून गेला. ज्या कलावंतांची नावे कोरली गेली नाहीत, ते अर्थातच हजारोंनी असतील. म्हणून ही मोजकी नावे मोलाची वाटतात.

भिंतीवरची शाळा

आता लेण्यांतून आपल्या पाड्यांकडे येऊ. आपल्या दोन्ही तालुक्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली असे आदिवासी बांधव राहतात. पैकी वारली समाजाची चित्रकला जगभर गेली. मूळची ती लग्नातली. घराच्या आतल्या भिंतीवर शेण-गेरूचा हात द्यायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीने चौक लिहायचा. चौकात पालघाट देवी. हे काम सुवासिनी स्त्रियांचे. लग्न लावणारी, गाणी म्हणणारी धवलेरीसुद्धा स्त्रीच. तिची गाणी वहीत लिहिलेली नसत. म्हाताऱ्या धवलेरीच्या मागे बसून तरुण बायका म्हणत आणि म्हणता म्हणता शिकत. भिंतीशीही तीच रीत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो. ते पाहायला सोपे, पण हात बसायला जाणत्या बाईच्या शेजारी बसावे लागते. म्हणजे येथेही अंतेवासीच!

डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. (गंजाड तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आले.) सदाशिव आणि बाळू हे त्यांचे पुत्रही चित्रकार झाले, ते बापाच्या शेजारी बसूनच. हे सारे गौरवाचे आहे. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. जिव्यांच्या आधी पिढ्यान्पिढ्या ज्या बायकांनी भिंती लिहिल्या, त्यांच्यातल्या बहुतेकींची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. कोंडाण्याच्या बालकाने गुरूचे नाव कोरले, या माउल्यांचे कोरणारे कोणी भेटले नाही.

जलसा : रात्रीची शाळा

आपल्या समाजात कला शिकविण्याचा प्रश्न काढला की ज्येष्ठ मंडळी कपाळाला आठ्या घालतात. "पुन्हा पोरांच्या गळ्यात ढोलकी कशाला अडकवता? त्यापेक्षा त्यांना परीक्षेला बसवा," असे ते म्हणतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वाद्य वाजवणे, तमाशात नाचणे, दुसऱ्याच्या सणाला दारात उभे राहणे, ही कामे कित्येकांच्या वाट्याला आवडीने नव्हे, जातीने आली होती. जे जबरदस्तीने शिकावे लागले, ते टाकून देण्यात स्वाभिमान होता. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूराव यांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते घेण्याचे नाकारले, असे सांगितले जाते. त्यामागची भूमिका समजून घ्यावी लागते.

पण गोष्ट येथेच संपत नाही. त्याच काळात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी १९३० च्या दशकात गावोगाव जलसे करीत. तमाशाचा साज त्यांनी घेतला, पण आतला आशय बदलला. गण-गौळणीच्या जागी नवे विचार आले, सवाल-जवाबात अस्पृश्यता, कर्ज, दारू, शिक्षण हे विषय आले. अशा जलशाचे मोल बाबासाहेब आपल्या सभांहून अधिक मानीत, अशी आठवण आपल्या समाजात आजही सांगितली जाते. म्हणजे दोष ढोलकीत नव्हता. ती कोणासाठी आणि कोणाच्या हुकमाने वाजते, हा प्रश्न होता. कर्डकांनी पुढे १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून हा इतिहास नोंदवून ठेवला. तो विद्यार्थ्यांनी मिळवून वाचावा.

जलसा ही दुहेरी शाळा होती. समोर बसलेले निरक्षर श्रोते शिकत आणि फडात उभा असलेला नवखा मुलगाही शिकत असे. तो आधी झील धरी, मग एखादे कडवे त्याच्या वाट्याला येई, मग सवाल. दिवसा मजुरी, संध्याकाळी तालीम आणि रात्री कार्यक्रम. हा अभ्यासक्रम कुठल्या विद्यापीठाने आखलेला नव्हता.

महाकवी वामनदादा कर्डक हे याच परंपरेतले. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला आणि १५ मे २००४ रोजी ते गेले. ते लहानपणी शाळेत शिकले नाहीत. मुंबईत कष्टाची कामे करीत असताना मोठेपणी त्यांनी अक्षरओळख करून घेतली. १९४३ पासून ते गीते रचू लागले आणि हजारो गीते मागे ठेवून गेले. गावोगावच्या गायन पार्ट्यांत किती गायक त्यांची गीते गात गात तयार झाले, त्याची मोजदाद नाही. मोठेपणी अक्षर शिकलेला माणूस एका समाजाचा शिक्षक होतो, यापेक्षा मोठा धडा कोणता?

गोठ्यात उभे राहिलेले कलाअंगण

शिकवणाऱ्या कलावंताला बसायला जागा मिळाली तर काय होते, याचे उदाहरण दूर कोकणात आहे. आपल्याकडे जसे ठाकर आहेत, तसा सिंधुदुर्ग जिल्ह्यातही ठाकर समाज आहे. चालीरीती वेगळ्या, पण नाव एक. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावच्या ठाकरांकडे चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची जुनी परंपरा आहे. कागदावरची चित्रे एकेक करून दाखवीत गाण्यातून कथा सांगायची, ही चित्रकथी. करमणुकीची नवी साधने आली आणि ही कला मागे पडली. तेथील परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले आणि त्याला 'ठाकर आदिवासी कला अंगण' असे नाव दिले. मुलांना त्यांनी ही कला शिकवली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवली. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठा आपल्याकडेही आहे, समाजमंदिरही आहे. प्रश्न जागेचा कमी आणि मनाचा जास्त आहे.

आमच्या हातून झालेली चूक

आता थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी शहापूर-किन्हवली-मुरबाड या बाजूच्या एका गावातील समाजमंदिरात आम्ही काही मंडळींनी रविवारचा गायन-वादन वर्ग चालवला होता. गायन पार्टीत उमेदीची वर्षे घालवलेले एक वृद्ध कलावंत शिकवायला येत. वर्गात पंधरा-वीस मुले-मुली होती. बाबा आधी वाद्याला हात लावू देत नसत. महिनाभर तोंडाने बोल म्हणायचे आणि मांडीवर ताल धरायचा. मुले कंटाळत, पण टिकत.

हिशेब आमच्याकडे होता. वार्षिक सभेत आम्ही जमाखर्च वाचून दाखवला. त्यात 'किरकोळ खर्च : चहा, सतरंजी भाडे, ढोलकीवाले' अशी एक ओळ होती. रक्कम बरोबर होती. पावत्या जोडलेल्या होत्या. पुढच्या रविवारी बाबा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी आम्ही दोघे-तिघे त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिले, चहा दिला आणि मग म्हणाले, "भाऊ, पैशाचं काही नाही. पण सतरंजीच्या शेजारी मला बसवलंत. सतरंजी कुणाचीही चालते. मग ढोलकीपण कुणीही शिकवील."

आम्हाला उत्तर देता आले नाही. आयुष्यभर आम्ही खात्यांची शीर्षके लिहीत आलो, पण शीर्षकाने माणूस दुखावतो हे त्या दिवशी कळले. आम्ही त्यांची माफी मागितली. पुढच्या बैठकीत ती ओळ बदलून 'शिक्षक मानधन' असे स्वतंत्र शीर्षक केले आणि पुढे त्यांचे पूर्ण नाव लिहिले. रक्कम तीच राहिली. बाबा पुन्हा येऊ लागले. त्यांच्याकडे शिकलेली एक मुलगी पुढे लहान मुलांना बोल शिकवू लागली. कोणी विचारले तर आधी बाबांचे नाव सांगते. कोंडाण्याचा लेख आम्ही त्यानंतर वाचला आणि मनात म्हटले, ही तर बालकाचीच रीत!

आपल्याला काय करता येईल?

केवळ गौरवाची भाषणे करून कला टिकत नाही. शिकवणाऱ्याचे पोटही भरले पाहिजे. काही सूचना विचारार्थ मांडतो.

१. मानधन ठरलेले असावे आणि ठरल्या दिवशी द्यावे. शाल-श्रीफळ हा सन्मान झाला, पण त्याने घरचे रेशन येत नाही.

२. शाळांचा मार्ग धरावा. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर कला शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्येही स्थानिक कलांतील जाणकारांना शाळेत शिकविण्यास बोलवावे असे म्हटले आहे. कागदावर आहे ते मागणे हा आपला हक्क आहे. शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनी हा विषय बैठकीत लावून धरावा.

३. प्रत्येक गावातील शिकवू शकणाऱ्या कलावंतांची यादी करावी. त्यात स्त्रियांची नावे आवर्जून घ्यावीत. जात्यावरची गाणी म्हणणारी आजी ही देखील शिक्षिकाच आहे.

४. परीक्षा की कला, असा वाद घालू नये. शासनाच्या चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना आपली मुले बसतातच. ताल धरणारे मूल गणितात मागे पडते, असे आमच्या पाहण्यात नाही. मात्र कोणाही मुलावर त्याच्या जातीची म्हणून कला लादू नये. शिकायचे ते आवडीने आणि मान राखून.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. 'अंतेवासी' या शब्दाचा अर्थ सांगून तुमच्या घरातील एक उदाहरण लिहा.
२. बाबासाहेबांनी तमाशाचे पैसे नाकारले असे सांगतात, पण जलशाचे मोल ते मानीत. यात विसंगती आहे काय? आपले मत द्या.
३. गावातील एका कलावंताला भेटा. ते कोणाकडून शिकले आणि त्यांचे गुरू कोणाकडून शिकले, हे विचारून लिहून आणा. त्यांची परवानगी घेऊनच नाव लिहा.
४. पालकांसह कोंडाणे लेणी पाहून या. भिंतींवर स्वतःचे नाव मात्र कोरू नका.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते, की दोन हजार वर्षांपूर्वी एका शिष्याने गुरूचे नाव दगडावर कोरले, म्हणून आज आपल्याला कान्हा ठाऊक आहे. आपल्या गावचा कान्हा अजून हयात आहे. त्याचे नाव वहीत तरी नीट लिहावे, 'किरकोळ' या शीर्षकाखाली नव्हे.

जय भीम!