नाळ कापण्यापूर्वी

गर्भाशयातील बालकाला श्वास घ्यावा लागत नाही. मातेच्या रक्तातील प्राणवायू वार आणि नाळ यांच्या द्वारे त्याला मिळत असतो. नाळ कापताच मात्र हा आधार तुटतो. मानेवरील मोठ्या गाठीमुळे किंवा स्वरयंत्रातील जन्मजात अडथळ्यामुळे ज्याचा श्वासमार्ग बंद आहे, असे बालक काही मिनिटांतच दगावू शकते.

यावर उपाय ठरणारी शस्त्रक्रिया १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत विकसित झाली. प्रारंभी, उपचारासाठी गर्भावस्थेत मुद्दाम बंद केलेली श्वासनलिका जन्मसमयी मोकळी करण्याकरिता ती योजली गेली. हिच्यात मातेला खोल भूल देऊन गर्भाशय शिथिल ठेवतात आणि बालकाचे डोके व खांदे तेवढे बाहेर काढतात. वार सुटलेली नसल्याने प्राणवायूचा पुरवठा चालूच राहतो. त्या अवधीत तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालतात. ते न साधल्यास गळ्याला छेद देऊन वाट करतात. नाळ कापली जाते ती त्यानंतरच.

सिझेरियन शस्त्रक्रियेत बालक बाहेर येताच गर्भाशय आकुंचन पावते व रक्तस्राव आवरतो. येथे तेच आकुंचन रोखून धरावे लागते. त्यामुळे मातेला अतिरक्तस्रावाचा धोका संभवतो. बालकाला लाभणारा अवधी असा मातेच्या जोखमीतून येतो. म्हणूनच प्रसूतीपूर्वी सोनोग्राफीने अडथळ्याचे अचूक निदान होणे अत्यावश्यक असते.