शब्द सुचत नाहीत तेव्हा

आजचं वाचन : दासबोध, दशक 14 समास 3 आणि दशक 19 समास 1



लिहायला बसलं की स्क्रीन कोरीच राहते ना? चौदाव्या दशकात समर्थ कवित्वाचे तीन प्रकार सांगतात. मनात येईल ते जुळवलं, ते धीट. खूप वाचून त्या वळणावर रचलं, ते पाठ. आणि भजनात रमलेल्या मनातून सहज निघतं, ते प्रासादिक. म्हणजे खरे शब्द ओढून आणता येत नाहीत.

मग हातावर हात ठेवून बसायचं? उत्तर भलत्याच ठिकाणी मिळतं, लेखनक्रियेच्या समासात. तिथे प्रतिभेचं नावही नाही. अक्षर वळणदार काढा, ओळी सरळ ठेवा, पहिलं अक्षर जसं तसंच शेवटचं असू द्या. साधना आपली, प्रसाद त्याचा.

चाफळहून समर्थ कृष्णास्नानासाठी उंब्रजला येत, असं सांगतात. तिथला मारुती अकरा मारुतींपैकी एक. मूर्ती चुना, वाळू आणि तागाची. इतक्या साध्या वस्तूंतून देव उभा राहिला!

आज एवढंच करा : एक ओवी वहीत सावकाश, सुवाच्य उतरवा. पुढचं सुचवणं रामरायाकडे.