त्यांचं चालतंय, मग तुमचंच का बंद?

बारामतीत मी दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. दोन काउंटर एकाच वेळी चालतात, म्हणून इन्स्टॉलरमध्येच मायएसक्यूएल सर्व्हर घालून देत आलो. इंदापूर तालुक्यातल्या एका केंद्रावर ते विनातक्रार चालू होतं. मग त्यांनी हिशेबासाठी दुसऱ्याचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याच्याही पोटात मायएसक्यूएल होता.

तेव्हापासून लाईट जाऊन आली की आमचं कधी चालायचं, कधी नाही. पहाटे किटल्यांची रांग, फॅट काढून तयार, आणि स्क्रीनवर 'ॲक्सेस डिनाइड'. सचिव फोनवर सगळ्यांसमोर सुनवायचे, "त्यांचं चालतंय की! तुमचंच कसं बंद पडतं?" हिशेबवाल्याला विचारलं तर म्हणे, "आमच्याकडून ओके आहे, तुमचा पासवर्ड बघा." पुढे फोनच उचलेना.

शेवटी इंदापूरला जाऊन 'नेटस्टॅट' चालवलं. पोर्ट 3306 धरून बसलेल्या प्रोसेसचा नंबर घेतला, टास्क मॅनेजरमध्ये तिची फाइल शोधली. फोल्डर हिशेबवाल्यांचं! दोन्ही सर्व्हर 3306 वरच. मशीन सुरू होताना जो आधी उठेल, पोर्ट त्याचा. आमचा प्रोग्रॅम त्यांच्या सर्व्हरला आमचा पासवर्ड देत होता. सर्व्हिसेसची यादी उघडली आणि डोकंच फिरलं. आता तर आमची सर्व्हिस 'डिसेबल्ड' होती. असं आपोआप होत नाही, ते कुणीतरी किंवा कुठल्यातरी इन्स्टॉलरने केलेलं असतं. सचिवांना तिथेच दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "बरं, आता चालू करून द्या."

सर्व्हर सोबत देणार असाल तर 3306 आणि पोस्टग्रेसचा 5432 सोडून तिसराच पोर्ट घ्या, आणि तो मोकळा आहे का हे इन्स्टॉलरने आधी तपासावं. सर्व्हिसला आपल्या सॉफ्टवेअरचं नाव द्या. जोडणी झाल्यावर सर्व्हर आपलाच आहे ना, याची खूण एखाद्या टेबलात ठेवून ती वाचा. डेटा प्रोग्रॅम फाइल्समध्ये नको, प्रोग्रॅमडेटामध्ये ठेवा. अनइन्स्टॉल करताना त्याला हात लागता कामा नये. चालू सर्व्हरचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं म्हणजे बॅकअप झाला नाही, डम्प काढा. एकच मशीन असेल तर एसक्यूलाइट पुरतं. ती एक फाइल असते, सर्व्हरच नाही. पण ती नेटवर्कवर शेअर करू नका. मायएसक्यूएल जीपीएलखाली आहे. सोर्स न देता विकणार असाल तर ओरॅकलचं लायसन्स लागेल का, ते आधी बघा. पोस्टग्रेसला ती कटकट नाही, नव्या केंद्रांना मी तोच देतो.

आणि करारात लिहून घ्या, दुसऱ्या कुणी सर्व्हिस बंद केली तर व्हिजिटचे पैसे वेगळे. इंदापूरच्या त्या फेरीचे मला अजून मिळालेले नाहीत.